चार्ज देताना

ये स्वरूपा, चपला बाहेरच काढ. इथे देव नाही,
पण पायांबरोबर मांडवीची वाळू आत येते
आणि वाळू सुकली तरी तिचं मीठ सुकत नाही.

हा रॅक. पतपेढीची सगळी खाती ह्यात,
मिरकरवाड्यातल्या नौकांची डिझेलची उधारीसुद्धा.
मागून बघ. पुढून सगळीच यंत्रं शहाणी दिसतात.
प्रत्येकाला दोन पुरवठे, शेजारी शेजारी,
भार निम्मा निम्मा.
डाव्याची वायर अ पट्टीत, उजव्याची ब पट्टीत.
लिहून घे.
मी एकदा दोन्ही एकाच पट्टीत खोचल्या होत्या,
चतुर्थीला गावी जायचं होतं, चारची एस.टी.
पट्टीचा फ्यूज उडाला, दोन्ही दिवे एकदम विझले.
साहेब म्हणाले, दोन होते ना रे?
दोन होते. विहीर एकच होती.

वीज जाते ती बहुतेक थंडीत, पहाटे.
खाडीकडच्या खांबांवर चिनी मातीच्या वाट्यांना मीठ चढतं,
त्यावर दव पडलं की निळं काहीतरी तडतडतं
आणि आख्खं गाव काळोखात.
त्या वेळी यंत्राच्या पोटात वीस मिलिसेकंदांची शिदोरी असते.
पापणी मिटायलाही याहून जास्त लागतं.
तेवढ्यात बॅटरीनं खांदा द्यायचा,
वीस मिनिटांत खालच्या जनरेटरनं.
शिमग्यात पालखी जाते तशी:
खांदे बदलतात, जमिनीला टेकत नाही.

जनरेटरवर असताना मर्यादा घाल, एकेकाला तीनशे वॅट.
हावरट नाहीत ती, पण सांगितलं नाही तर मागत राहतात.
मग हळू चालतात. चालू दे.
आणि वीज परत आली की सगळ्यांना एकदम उठवू नकोस,
पहिल्या घोटाला फार ओढतात. एक, मग थांब, मग दुसरं.

हे बटण. एकदा दाबलंस तर विचारतं, निघू का?
फायली मिटतं, लिहायचं राहिलेलं लिहितं, मग जातं.
पाच सेकंद दाबून धरलंस तर विचारत नाही.

होडेकर तसे गेले. जिन्यावर, डिझेलचा कॅन हातात.
पाच सेकंद तरी होते की नाही, माहीत नाही.
सतरा वर्षं ते खाली, मी वर.
ईदला त्यांच्या घरचा डबा ह्याच टेबलावर उघडायचा,
एसीची हवा शिरखुर्म्याला लागू नये म्हणून
वर रजिस्टर ठेवून.

त्यांची जागा भरली नाही. कचेरी म्हणाली, चालतंय ना.
चालतच होतं.
एक पुरवठा गेला तर दुसरा सगळा भार घेतो,
फक्त पंखे मोठ्यानं फिरतात
आणि मागच्या बाजूला पिवळा दिवा लागतो.
मागच्या बाजूला कोण येतंय बघायला.
दोन वर्षं मी जिना चढलो, उतरलो,
गुडघ्यांनी आवाज केला तो मीच ऐकला.

अजून एक. यंत्र बंद केलंस तरी पुरतं बंद होत नाही.
वायर भिंतीत आहे तोवर आत एक बारकासा भाग जागा असतो,
चार-पाच वॅटांवर, नेटवर्कला कान लावून.
घरून हाक मारलीस तर तो बाकीच्यांना उठवतो.
माझा नंबर दारामागे पेन्सिलीनं लिहिलाय.
रात्रीचाही उचलतो.

आता तो खोका फोड, नवा पुरवठा काढ.
काही बंद करायचं नाही.
खिट्टी दाब, जुना ओढ, गरम असेल, बोटं सांभाळ.
नवा सरळ धर. ढकल. अजून.
टक् झालं?
आता हात काढ. लगेच हिरवा होत नाही तो,
आधी मिचकावतो, कुठे आलो बघत असल्यासारखा.

खाली काउंटरवर कुणीतरी पासबुक छापून घेतंय.
ऐक. प्रिंटर थांबला नाही.